फॅनफिक लिहायला सुरुवात करायची आहे, तीही मराठीत. कुठून करू?

निळीशाई | सोमवार, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. सहा-सात महिने इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

मी नाशिकला सिडकोत राहते, अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. कॉलेजपासून फॅनफिक वाचते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एखाद्या आवडत्या गोष्टीतली पात्रं घेऊन वाचकांनीच लिहिलेल्या नव्या गोष्टी म्हणजे फॅनफिक. वाचलं ते सगळं इंग्रजीत आणि जवळपास सगळं एओ३ वर (आर्काइव्ह ऑफ अवर ओन, फॅनफिकची साइट). रात्री भांडी आवरली की तासभर तेच चालू असतं. पण गेल्या वर्षापासून असं होतंय की बसमध्ये उभी असले तरी डोक्यात पात्रं बोलायला लागतात आणि ती मराठीत बोलतात, म्हणून आता लिहायचं तर मराठीतच असं ठरवलंय.

तीन महिने झाले. वहीत चाळीस प्रकरणांचा आराखडा तयार आहे, कोण कुणाला कधी भेटतं, कुठे भांडतात, शेवट काय, सगळं. प्रत्यक्ष गोष्टीची मात्र एक ओळ लिहून झालेली नाही. बसले की हात थांबतो.

विचारायचं एवढंच की सुरुवात कशी करतात, दुसऱ्याची पात्रं वापरणं ही चोरी आहे का (घरी हा प्रश्न आला आणि मला उत्तर देता आलं नाही), आणि लिहून झाल्यावर टाकायचं कुठे? कुणी लिहीत असेल तर प्लीज सांगा.

पंचवटीएक्सप्रेस | सोमवार, रात्री ११:५९

ताई, आठ वर्षं लिहितोय, बहुतेक सगळं ट्रेनमध्ये, नाशिकरोडला बसलो की कसारा येईपर्यंत. तुमचं दुखणं ओळखीचं वाटलं म्हणून लगेच लिहितोय.

चाळीस प्रकरणांची वही कपाटात ठेवा. फाडू नका, नुसती ठेवा. आणि एक प्रसंग लिहा. एकच. मूळ गोष्टीत जो घडला असणार हे आपल्याला पक्कं माहीत आहे पण लेखकाने दाखवला नाही असा. दोन पात्रं एका रात्री भांडली आणि पुढच्या प्रकरणात एकत्र जेवताना दिसली, मग मधल्या वेळात काय झालं? हा राहिलेला प्रसंग नवशिक्यासाठी सगळ्यात चांगला कारण सुरुवात आणि शेवट दोन्ही आधीच ठरलेले असतात, तुम्हाला फक्त मधलं अंतर चालून जायचं असतं.

तेही जड वाटलं तर ड्रॅबल लिहा. बरोबर १०० शब्द, ९९ नाही आणि १०१ नाही. पहिलं ड्रॅबल लिहिलं तेव्हा माझं १६० झालं होतं, ६० शब्द काढता काढता मला कळलं की मी प्रत्येक वाक्यात एक विशेषण उगाच घालतो. हे कुणी सांगून कळलं नसतं.

अजून एक, अगदी व्यवहाराचं. फोनवर लिहीत असाल तर सेव्ह झालंय का ते बघत जा. मी एकदा चार हजार शब्द ब्राउझरच्या डब्यात थेट टाइप केले, घाटात रेंज गेली, पान रिफ्रेश झालं आणि सगळं गेलं. त्यानंतर दोन महिने मी काहीच लिहिलं नाही. आता आधी नोट्समध्ये, मग बाकी कुठेही.

आगाऊ_कार्टी | मंगळवार, सकाळी ७:१५

ताईईई मराठीत लिही प्लीज, मी पहिली वाचक. मी बारावीला आहे, मी पण लिहिते पण इंग्रजीत.

टाकायचं कुठे ते मी सांगते. एओ३ वर वाचायला अकाउंट लागत नाही पण टाकायला लागतं, आणि ते लगेच मिळत नाही, ईमेल देऊन रांगेत थांबायचं, मग निमंत्रण येतं. म्हणून आजच रांगेत नाव लाव, तोवर लिहून होईल. भाषेच्या यादीत मराठी आहे. टॅग नीट लाव, कुठलं फॅनडम (म्हणजे कुठल्या मूळ गोष्टीवर लिहिलंय ते), कोणती पात्रं, शेवट दुःखद आहे का, कुणाला त्रास होईल असं काही आहे का. टॅग म्हणजे वाचणाऱ्याला दिलेला शब्द असतो. आणि तिथे पैसे मागायचे नाहीत, अगदी 'मला चहा पाजा' वाली लिंक पण चालत नाही, ते सगळं स्वयंसेवक चालवतात, ना नफा. २००९ पासून चालू आहे आणि २०१९ ला त्या अख्ख्या साइटला विज्ञानकथा-फॅन्टसीचा ह्यूगो पुरस्कार मिळालाय, घरी कुणी 'हे काय टाइमपास' म्हटलं तर हे सांग.

वाचक मराठीत हवे असतील तर प्रतिलिपीवर (आपल्या भाषांत गोष्टी टाकायचं-वाचायचं ॲप) जास्त मिळतील, तिथे मराठी वाचणारे आधीच आहेत.

तारीखपेतारीख | मंगळवार, दुपारी १:४०

कोर्टात लंच आहे तोवर लिहितो. वकील आहे पण हा सल्ला नव्हे, सर्वसाधारण माहिती समजा.

चोरी का, याचं उत्तर कुणाची पात्रं त्यावर आहे. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि ती ६० वर्षं निधनाच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. आधी ही मुदत ५० होती. टागोर १९४१ ला गेले, त्यांचं साहित्य खुलं व्हायची वेळ आली तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीत ती ६० झाली. म्हणजे जुन्या, मुदत संपलेल्या लेखकांची पात्रं, पुराणातली, लोककथेतली पात्रं, यांच्यावर मोकळेपणाने लिहा. हयात किंवा अलीकडे गेलेल्या लेखकांच्या पात्रांवर लिहिणं कायद्याच्या दृष्टीने धूसर जागा आहे. पैसे घेतले नाहीत, मूळ वाक्यं उचलली नाहीत तर सहसा कुणी मागे लागत नाही, पण 'सहसा' आणि 'हक्क आहे' यात फरक आहे. शिवाय कलम ५७ प्रमाणे आपल्या कृतीची मोडतोड होऊन नाव खराब होत असेल तर हरकत घ्यायचा अधिकार लेखकाकडे असतो, प्रकाशकाला हक्क दिलेले असले तरीही.

वर 'ही पात्रं माझी नाहीत' असं लिहितात ते चांगलं आहे, प्रामाणिक आहे. पण ते लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असा गैरसमज करून घेऊ नका.

जुनावाचक_शालिमार | मंगळवार, सायंकाळी ६:०५

बेटा, कायद्याचं वकीलसाहेबांनी सांगितलं. घरच्यांना काय सांगायचं ते मी सांगतो. ३४ वर्षं मराठी शिकवलं, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, सावानाचा, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकचा, सभासद कॉलेजात असल्यापासून. ते वाचनालय १८४० पासून या गावात आहे, आणि त्याच्या कपाटांतून नुसती नजर फिरवली तरी कळतं की दुसऱ्याची पात्रं घेऊन लिहिणं हे मराठीचं जुनं काम आहे.

मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं रचली असं सांगतात. त्यातलं निरोष्ठ रामायण म्हणजे ओठाला ओठ लागेल असं एकही अक्षर न वापरता केलेलं, प फ ब भ म काहीच नाही. रामकथेत राम हा शब्द न घेता! तुमचे ते १०० शब्दांचे प्रकार ऐकून मला त्याचीच आठवण झाली. खांडेकरांनी महाभारतातल्या एका उपाख्यानातून ययाति उभी केली, सावंतांनी कर्णाला स्वतःच्या तोंडून बोलायला लावलं. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी, लिहिता न येणाऱ्या बायकांनी जात्यावर सीतेचा वनवास गायला. त्या ओव्यांमध्ये सीता सासुरवाशीण आहे, तिचं बाळंतपण रानात एकटीचं आहे, आणि रामाला बोल लावायलाही त्या बायका कचरलेल्या नाहीत. जे पोथीत नव्हतं, आपल्याला ठाऊक होतं, ते त्यांनी घातलं. माझी आई गायची. तेव्हा चोरी वगैरे मनातून काढून टाक.

फक्त एक अट. मूळ नीट वाच. ज्याच्या घरात शिरायचं त्याच्या घरातली भांडी कुठे आहेत ते माहीत पाहिजे.

निळीशाई | मंगळवार, रात्री १०:३०

काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली आमच्याकडे पण आजी गायची, मला हे माहीतच नव्हतं.

आणि त्यातून एक सुचलं. माझं आजोळ पंचवटीत, सीतागुंफेपासून पाच मिनिटांवर. लहानपणी पाच वडांच्या खालून शाळेत जायचे. राम-सीता-लक्ष्मण इथे राहिले हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, ते शेजारी राहून गेले असावेत तसंच आम्ही ऐकत आलो. तर चाळीस प्रकरणांचं बाजूला ठेवून मी एक राहिलेला प्रसंग लिहिणार, पर्णकुटी बांधून झाली ती संध्याकाळ. लक्ष्मण आणि सीता. बाकी कुणी नाही. चालेल का?

पंचवटीएक्सप्रेस | मंगळवार, रात्री १०:४१

चालेल काय, पळेल. लिहा. आठवडाभरात इथे टाका, कसंही असलं तरी.

आगाऊ_कार्टी | मंगळवार, रात्री ११:०२

एकच लक्षात ठेव, स्वतःला आत घालू नकोस. म्हणजे एक अनोळखी मुलगी रानात येते, सगळ्यांना आवडते, सगळ्यांचे प्रॉब्लेम सोडवते, असं. त्याला मेरी सू म्हणतात, १९७३ ला एका स्टार ट्रेकच्या फॅनमासिकात त्यावर विडंबन आलं होतं तिथून तो शब्द आलाय. नवीन पात्र आणूच नये असं नाही, पण पहिल्या गोष्टीत मूळ पात्रांनाच बोलू दे.

निळीशाई | रविवार, दुपारी ४:२०

लिहिलं. सात ओळींच्या पुढे जात नाहीये पण लिहिलं. सगळ्यांनी मोकळेपणाने सांगा.

*लक्ष्मणाने एक श्वास सोडला जो आपण रोखून धरला होता हे त्याला माहीतच नव्हतं. सूर्य मावळत होता आणि आकाश केशरी रंगाने रंगलं होतं. हवेत थंडी होती. त्याने सीतेच्या डोळ्यांत पाहिलं. 'आपण ठीक आहात का?' त्याने मृदू आवाजात विचारलं. सीतेने तिचे डोळे फिरवले. 'मी ठीक आहे,' ती कुजबुजली. त्याच्या हृदयात काहीतरी तुटलं. कुटी सुंदर दिसत होती.*

जुनावाचक_शालिमार | रविवार, सायंकाळी ५:१०

लिहून टाकलंस याचं मनापासून कौतुक. आता मास्तर म्हणून बोलतो, राग मानू नकोस.

'सीतेने तिचे डोळे फिरवले.' मराठीत कर्त्याची स्वतःची वस्तू असली की आपण 'आपले' म्हणतो, नाहीतर काहीच म्हणत नाही. 'तिचे' म्हटलंस की वाचणाऱ्याला वाटतं दुसऱ्याच कुणाचे तरी. आणि डोळे फिरवले हे तर मराठीत भलतंच आहे. माणूस घेरी येऊन पडतो तेव्हा त्याचे डोळे फिरतात. तुला जे म्हणायचंय त्याला आपण नाक मुरडलं म्हणतो, मान वळवली म्हणतो, किंवा 'काहीतरीच तुमचं' असं तोंडानेच म्हणतो.

'आपण ठीक आहात का' असं आपल्याकडे दमलेल्या माणसाला कुणी विचारत नाही. 'दमलात का', 'काय झालं', 'पाणी देऊ का' असं विचारतात. ती पहिली ओळ मी दोनदा वाचली तरी मला कळेना की त्याने नेमकं केलं काय.

आगाऊ_कार्टी | रविवार, सायंकाळी ५:२२

काका ती ओळ प्रत्येक इंग्रजी फिकमध्ये असते, अक्षरशः प्रत्येक. ताई तू वाचून वाचून ती तुझ्या हातात बसलीये, माझ्या पण बसली होती.

पंचवटीएक्सप्रेस | रविवार, रात्री ८:०० (स्टेशनवरून)

मला भाषेपेक्षा दुसरं म्हणायचंय. सावकाश लिहितो कारण मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

तुम्ही लिहिलंय त्याने सीतेच्या डोळ्यांत पाहिलं. आता कॅनन, म्हणजे मूळ गोष्ट, काय म्हणतं? किष्किंधाकांडात सुग्रीव सीतेचे टाकलेले दागिने दाखवतो तेव्हा लक्ष्मण म्हणतो की मला बाहुभूषणं ओळखता येत नाहीत, कुंडलं ओळखता येत नाहीत, पैंजण तेवढे ओळखतो कारण रोज पाया पडायचो. हा श्लोक आपल्याकडे कीर्तनात पण सांगतात. म्हणजे या माणसाने इतकी वर्षं तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलेलंच नाही. मग तुमचा प्रसंग त्याच्या नजरेतून असेल तर डोळे दिसणारच नाहीत! पायच दिसणार. तिचा मूड, दमणूक, राग, सगळं त्याला पावलांवरून कळलं पाहिजे, चालण्यावरून, उभं राहण्यावरून. ही अडचण नाहीये ताई, हे तुम्हाला फुकटात मिळालेलं सोनं आहे. सूर्यास्त लाखो लोकांनी लिहिलाय. नुसत्या पावलांवरून लिहिलेली सीता मी अजून वाचलेली नाही.

दुसरं. थंडी नको. अरण्यकांडात कुटी बांधतात ती १५ व्या सर्गात आणि हेमंताचं वर्णन १६ व्या सर्गात आहे, तेही शरद संपल्यावर. म्हणजे बांधताना थंडी पडलेली नाही. १५ वा सर्ग पूर्ण वाचाच, लक्ष्मण मातीच्या भिंती करतो, बांबू लावतो, शमीच्या फांद्या, वरून कुश आणि गवत, मग गोदावरीत आंघोळ करून कमळं आणतो आणि मग रामाला कुटी दाखवतो. राम त्याला मिठी मारतो. तुमचा प्रसंग कुटी पूर्ण व्हायच्या आणि राम बघायच्या मधला. अर्ध्या तासाची फट आहे, त्यात शिरा. लक्ष्मणरेषा वगैरे आणू नका, ती वाल्मीकींत नाहीच, नंतरची आहे. आणायची तर आणता येते, पण मग कोणतं रामायण धरून लिहिताय ते टॅगमध्ये सांगा.

आणि संबोधन! इंग्रजीत सगळे यू, काही ठरवावं लागत नाही. मराठीत लिहायला बसलं की पहिल्या वाक्याला ठरवावं लागतं तू का तुम्ही का आपण, वहिनी का देवी का आर्ये. 'आर्ये' लिहिलंत तर टीव्हीवरची मालिका होईल. 'वहिनी' लिहिलंत तर दोघं तुमच्या आजोळच्या वाड्यात येऊन बसतील. मी वहिनी आणि तुम्ही घेईन. सीता त्याला काय म्हणेल? भावोजी, तुम्ही? का तो धाकटा म्हणून नुसतं तू? तिने एकदाच, दमलेली असताना, चुकून 'तू' म्हटलं तर तेवढ्यावर अख्खा प्रसंग उभा राहतो. हे इंग्रजीत करताच येत नाही.

गाडी आली. बाकी उद्या.

हरसूलचा_पोऱ्या | रविवार, रात्री ९:३५

मी कधी फॅनफिक वाचलं नाही पण हे वाचत बसलो. मला एकच सांगायचंय भो, 'कुटी सुंदर दिसत होती' हे काय नाय पटलं. ज्यानं बांधली त्याला ती सुंदर नाय दिसत, त्याला कुठं काय राहिलंय तेच दिसतं.

आमच्याकडं कुडाचं घर असतं. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, आडव्या बांधायच्या, मग माती भिजवून तुडवून तिचा लेप द्यायचा दोन्ही बाजूनं. शेण आणि भाताचं तूस घालतात मातीत. नुसती काळी माती घेतली तर वाळली की भेगा पडतात. हातानंच लिंपतात, चार बोटं वळवून, त्यामुळं भिंतीवर बोटांच्या ओळी राहतात. माझ्या आईनं लिंपलेलं आणि मावशीनं लिंपलेलं मला लांबून ओळखू येतं. आईची बोटं जवळजवळ असतात, मावशीची फाकलेली.

निळीशाई | रविवार, रात्री ९:५०

दादा हे कसलं भारी सांगितलंत. पण त्यांच्याकडे शेण कुठून येणार, गायी नाहीत ना बरोबर? आणि भात पण नाही.

हरसूलचा_पोऱ्या | रविवार, रात्री १०:०४

मग नुसती माती आणि बारीक तोडलेलं गवत. चालतं. फक्त भेगा जास्त पडतील, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी पातळ मातीचा परत एक हात द्यायला लागेल. आणि लिंपायचं काम आमच्याकडं बाया करतात जास्त, काठ्या बांधायचं गडी. तुमच्या गोष्टीत सगळं तो एकटाच करतो का?

निळीशाई | रविवार, रात्री १०:०९

वाल्मीकींमध्ये तो एकटाच करतो. पण मधे कुणी हात लावला नाही असंही कुठे लिहिलेलं नाही.

थांबा. मिळालं मला.

निळीशाई | गुरुवार, रात्री १२:५५

चार दिवस गायब होते. सर्ग दोनदा वाचला, आधी मराठी अर्थ आणि मग मूळ जमेल तसं. मंगळवारी कामावरून थेट गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर गेले, पाणी कमी होतं, दुतोंड्या मारुतीच्या पायाशी बसून ओली माती हातात घेऊन बघितली, फरशीवर चार बोटं ओढून बघितली. लोक बघत होते. खरंच ओळी येतात.

पूर्ण ८६० शब्द झालेत, इथे मधला तुकडा टाकते.

*आतल्या बाजूचा शेवटचा कूड राहिला होता. लक्ष्मण गुडघ्यावर बसून खालून वर माती चढवत होता. दाराशी पैंजण वाजले, मग थांबले. पावलं ओली होती. नदीवरून येताना वाटेत कुठेतरी बसली असणार, टाचेला वाळकं पान चिकटलं होतं.*

*'दमलात?' त्याने भिंतीकडे बघतच विचारलं.*

*उत्तर आलं नाही. पावलं आत आली, त्याला वळसा घालून भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथे पुढे टेकली. मातीच्या ढिगात हात घातल्याचा आवाज आला.*

*'वहिनी, राहू द्या. अंधार पडायच्या आत करतो मी.'*

*'हे बघ, खाली पातळ घेतलंस तू. भेगा पडतील.'*

*तो काही बोलला नाही. तिने तू म्हटलं होतं, लग्न होऊन आली त्या वर्षी म्हणायची तसं. खाली खरंच पातळ झालं होतं.*

*दोघं दोन टोकांनी लिंपत आले. तिची बोटं जवळजवळ, त्याची फाकलेली. मधोमध ओळी भेटल्या तिथे मातीची बारीक शिवण उठली. ती पुसून सारखी करायला त्याने हात उचलला. मग तसाच मागे घेतला आणि बाजूच्या पाण्यात धुतला.*

*'बोलवा त्यांना,' सीता म्हणाली. पैंजण आता वाजत नव्हते, घुंगरांत माती भरली होती.*

आगाऊ_कार्टी | गुरुवार, रात्री १:०१

मी झोपले होते आणि नोटिफिकेशनने उठले आणि आता मला झोप येणार नाही. 'घुंगरांत माती भरली होती' ताई.

पंचवटीएक्सप्रेस | गुरुवार, सकाळी ६:५०

गाडीत वाचलं, शेजारच्याला पण वाचायला दिलं. 'तू' बरोबर जागी पडलाय.

एक शंका. शेवटी सीताहरणानंतर लक्ष्मण रिकाम्या कुटीत येतो आणि ती शिवण बघतो, असं दोन ओळींत घ्यायचं का? मोह होतोय.

निळीशाई | गुरुवार, सकाळी ८:१०

मी लिहिलं होतं तसं आणि काढलं. पुढे काय होणार हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या संध्याकाळी त्या दोघांना माहीत नाही. मला त्यांना त्या संध्याकाळीच राहू द्यायचं होतं.

पंचवटीएक्सप्रेस | गुरुवार, सकाळी ८:१४

बरोबर आहे. माझं मागे घेतो.

जुनावाचक_शालिमार | गुरुवार, सकाळी ९:३०

'लग्न होऊन आली त्या वर्षी म्हणायची तसं.' या एका वाक्यात तू अयोध्या आणलीस. व्याकरणाची एकही खूण करावीशी वाटली नाही. 'पुढे टेकली' च्या जागी 'टेकून बसली' बघ, पावलं टेकतात की माणूस, असा किंचित घोळ होतो, पण तुझी नजर पावलांवर आहे म्हणून तसंच ठेवलंस तरी मी हरकत घेणार नाही.

हरसूलचा_पोऱ्या | गुरुवार, दुपारी १२:२०

आईला वाचून दाखवलं फोनवर. ती म्हणे बोटं जवळजवळ म्हणजे माझीच की. खुश झाली.

तारीखपेतारीख | गुरुवार, दुपारी १:५०

एक व्यवहाराची गोष्ट. पात्रं कुणाचीच नसली तरी तुमचे ८६० शब्द तुमचे आहेत, लिहिले त्या क्षणापासून त्यावर तुमचा हक्क आहे, नोंदणी लागत नाही. माझ्या एका ओळखीच्या मुलीची कथा कुणीतरी नाव काढून फॉरवर्ड केली आणि ती तिलाच तिच्या कॉलनीच्या ग्रुपवर आली. तारखेसकट मूळ फाइल जपून ठेवा, आणि इथे पूर्ण टाकण्याआधी आपल्या नावाने कुठेतरी प्रकाशित करा.

निळीशाई | शनिवार, रात्री ११:१५

सगळ्यांना, एओ३ चं निमंत्रण आलं काल. टाकलं. भाषा मराठी, टॅग 'वाल्मीकी रामायण', 'राहिलेला प्रसंग', 'शेवट शांत'. प्रतिलिपीवर पण टाकलं. एओ३ वर अजून तीनच जणांनी उघडलंय, त्यातली एक आगाऊ आहे हे मला माहीत आहे. प्रतिलिपीवर एका काकूंनी लिहिलंय की त्यांच्या माहेरी येवल्याला अशीच भिंत होती.

आज आजोळी जाऊन आजीला पूर्ण वाचून दाखवलं. ती ८३ वर्षांची आहे, डोळे मिटून ऐकत होती, मला वाटलं झोपली. संपल्यावर म्हणाली, "भिंत झाली गं. चूल कुठे मांडली तिनं?"

मी म्हटलं ते नाही लिहिलं. तर म्हणाली, "मग त्या रात्री जेवले काय? वारा कुठून येतो ते बघून चूल मांडावी लागते, नाहीतर धूर सगळा आत."

उद्या रविवार आहे. सकाळी तपोवनात जाऊन संगमावर उभी राहून बघते वारा कुठून येतो. पंचवटीदादा, त्या दिवशी रानात काय काय मिळत असेल खायला, १५ व्या सर्गात लक्ष्मण कमळांबरोबर फळं आणतो एवढंच आहे, कोणती ते नाही दिलेलं. हरसूलचे दादा, तुमच्या आईंना विचाराल का, शरदात तिकडे रानात काय पिकतं?

हरसूलचा_पोऱ्या | शनिवार, रात्री ११:३२

विचारतो सकाळी. कंद तर असतीलच. पण ते चुलीवर उकडायला लागतात, काही काही तर घसा खाजवतात नीट उकडले नाय तर. ती राजाची सून, तिला कोण सांगणार कुठला कंद किती उकडायचा?

निळीशाई | शनिवार, रात्री ११:३४

जवळपास कुणीतरी राहत असेल ना. आश्रमातली एखादी बाई. नवीन पात्र, पण एकच, आणि ती फक्त कंद उकडायला शिकवून निघून जाईल.

आगाऊ, चालेल का?

आगाऊ_कार्टी | शनिवार, रात्री ११:३५

ती जर सगळ्यांना आवडली नाही तर चालेल. तिला थोडी खडूस कर.